छाप, गिऱ्हाईक आणि चॅटबॉट : बनावट मालाचा इतिहास

'घोडा छाप', 'वाघ छाप' असे शब्द तुम्ही बाजारात ऐकले असतील. छाप म्हणजे चित्र. गिऱ्हाइकाला अक्षर वाचता आले नाही तरी माल ओळखता यावा, म्हणून हे चित्र. चॅटबॉट आल्यामुळे ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बनावट मालाचा प्रश्न कसा बदलला, हा या पाठाचा विषय आहे. तो समजण्यासाठी आधी एक जुना प्रश्न मनाशी धरा : माल ओळखणारा नेमका कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचे कापड मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरांत उतरत असे. त्यावर रंगीत छापील कागद चिकटवलेले असत. त्यांवर देवदेवता असत, वाघ-हत्ती असत, राजेमहाराजे असत. बाजारातला सामान्य गिऱ्हाईक गिरणीचे इंग्रजी नाव वाचत नव्हता, तो हे चित्र ओळखत होता. साहजिकच फसवणाऱ्याला उत्तम कापड विणण्याची गरज नव्हती. चित्र हुबेहूब उतरवले की काम भागे. बनावट मालाचे सगळे अर्थशास्त्र या एका गोष्टीत आहे : वस्तूपेक्षा खूण स्वस्तात तयार होते.

ब्रिटनमध्ये 1875 साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1876 रोजी बास या बिअर कंपनीच्या लाल त्रिकोणाची पहिली नोंद झाली. भारतात 1889 चा व्यापारी माल चिन्ह कायदा आला. त्यात खोट्या खुणेला शिक्षा होती. परंतु खूण कोणाची, हे लिहून ठेवणारे देशव्यापी दप्तर मात्र 1940 च्या व्यापारचिन्ह कायद्यापर्यंत नव्हते. पन्नास वर्षे चोर ठरवायचा, पण मालकाची नोंद नाही, अशी ही स्थिती होती. मालकी सिद्ध करायची तर आपला माल या खुणेने किती वर्षे खपतो आहे, याचे पुरावे प्रत्येक वेळी नव्याने द्यावे लागत. 1940 नंतर नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईत आले आणि ते आजही तेथेच आहे.

आता एक खटला जरा सावकाश पाहू. लाहोरमध्ये सुरू झालेले 'अमृतधारा' हे औषध देशभर खपत होते. कानपूरच्या एका व्यापाऱ्याने 'लक्ष्मणधारा' या नावाची नोंदणी मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली असे धरले की, दोन्ही शब्द शेजारी ठेवून तपासले तर फरक दिसतो हे खरे, पण गिऱ्हाईक तसे करत नाही. तो साधारण बुद्धीचा असतो, त्याची आठवण पुरती पक्की नसते आणि तो नावाचे तुकडे पाडून अर्थ लावत बसत नाही. म्हणून नावे फसवी ठरण्याइतकी सारखी ठरली. तरीही अमृतधाराच्या मालकांनी लक्ष्मणधाराची विक्री दीर्घकाळ चालू दिली होती, त्यामुळे त्या नावाला नोंदणी मिळाली, पण फक्त उत्तर प्रदेशापुरती.

या निकालातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कायद्याच्या मनातला गिऱ्हाईक हा विसराळू माणूस आहे. दुसरी, नकाशावर रेघ ओढून वाद मिटवता येत होता.

इंटरनेटने आधी ती रेघ पुसली. 1999 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याहूच्या नावाशी मिळतेजुळते संकेतस्थळाचे नाव वापरण्यास मनाई केली, तेव्हा वेबपत्त्यालाही छापेसारखे संरक्षण मिळू लागले. त्याच वर्षी नवा व्यापारचिन्ह कायदा संमत झाला आणि तो 2003 मध्ये लागू झाला. खोटे चिन्ह लावणाऱ्याला त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2,00,000 रुपये दंड आहे. पण शिक्षा द्यायची तर विक्रेता सापडला पाहिजे! दुकानाला पत्ता होता. ऑनलाइन बाजारात मध्ये एक कंपनी उभी असते आणि ती म्हणते, आम्ही फक्त जागा दिली. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 79 ने अशा मध्यस्थाला अटींसह संरक्षण दिले. 2018 मध्ये लुबुतां या पादत्राणांच्या कंपनीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्याला ही ढाल आपोआप मिळत नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी शब्द 'सक्रिय' हाच आहे.

कारण चॅटबॉट सक्रिय असतो. शोधयंत्र दहा दुवे पुढे ठेवते, निवड तुमची असते. चॅटबॉट 'हा घ्या' असे सांगतो, तेही स्वतः रचलेल्या वाक्यात. हे वाक्य तो कशावरून रचतो? बरेचसे वर्णनांवरून आणि अभिप्रायांवरून. ही वर्णने विक्रेत्यानेच लिहिलेली असतात. काही चॅटबॉट चित्रेही पाहतात, पण ते फोटो पाहतात, वस्तू नाही. बनावट माल विकणारा बहुधा फोटो अस्सल मालाचाच लावतो.

विक्रेत्याच्या बाजूचा बदल तर अधिकच साधा आहे. आजवर मोडकेतोडके इंग्रजी, चुकलेले स्पेलिंग, एकच वाक्य दहा अभिप्रायांत, यांवरून आपण सावध होत असू. चॅटबॉट ही अडचण मिनिटात दूर करतो. सुबक वर्णन, निरनिराळ्या ढंगांचे अभिप्राय, तक्रारीला नम्र उत्तर, आणि हे सगळे मराठीत, तमिळमध्ये, बंगालीतही. मँचेस्टरच्या काळी निदान चित्राचा ठसा कोरावा लागे.

चॅटबॉट न्यायालयातही पोहोचला आहे. 2023 मध्ये लुबुतांनेच दिल्लीत दुसरा दावा केला. समोरच्या दुकानाचे बूट आपल्या खिळेदार बुटांची नक्कल आहेत, अशी तक्रार होती. आपली ख्याती दाखवण्यासाठी कंपनीने चॅटजीपीटीचे उत्तर जोडले. ही कंपनी अशा बुटांसाठी प्रसिद्ध आहे का, असे विचारले होते आणि उत्तर होकारार्थी आले होते. न्यायालयाने प्रश्नाची दिशा बदलून विचारले : असे बूट बनवणाऱ्या कंपन्या कोणत्या? तेव्हा यंत्राने इतर अनेक नावे सांगितली. उत्तर प्रश्नाच्या घडणीवर आणि यंत्राला शिकवलेल्या माहितीवर अवलंबून असते, ते चुकीचे वा कल्पितही असू शकते, म्हणून त्यावर निवाडा आधारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. नक्कल न करण्याचे प्रतिवादीने मान्य केले आणि दावा त्यावर संपला. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावे. साठ वर्षांपूर्वी न्यायालय विचारत होते, विसराळू खेडूत फसेल का? इथे वादीने ख्यातीची साक्ष यंत्राकडून आणली होती, आणि ते यंत्र विचारणाऱ्याला हवे तसे बोलत होते.

कंपन्याही अर्थात यंत्रे वापरतात. लाखो जाहिरातींतले फोटो आणि बोधचिन्हे पडताळून संशयित जाहिरात काढून टाकणारी प्रणाली आज मोठ्या बाजारपेठांकडे आहे. मात्र अस्सल वस्तू वापरून पुन्हा विकणारा लहान विक्रेताही याच जाळ्यात अडकू शकतो.

2025 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत चॅटजीपीटीच्या संभाषणातच काही वस्तू विकत घेण्याची सोय सुरू झाली. अशा खरेदीत विक्रेत्याचे पान उघडावेच लागत नाही. 1962 च्या निकालातला गिऱ्हाईक निदान बाटलीकडे बघत होता.

सरावासाठी : एखाद्या चॅटबॉटला एखाद्या ब्रँडचा चार्जर कुठे स्वस्त मिळेल असे विचारा. त्याने विक्रेत्याचे नाव सांगितले का, की केवळ संकेतस्थळाचे? मग त्या संकेतस्थळावर जा आणि ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता कुठे दिला आहे ते शोधा. सापडायला किती वेळ लागला, ते वहीत लिहा.