‘खांदा धरणे’ आणि खांद्यातील सुई : एका उपचाराचा इतिहास

कराड तालुक्यातील उंब्रज हे गाव तारळी व कृष्णा यांच्या संगमापाशी वसले आहे. उसाच्या या मुलखात ‘खांदा धरला’, ‘खांदा आखडला’, ‘शीर धरली’ हे शब्दप्रयोग बहुधा एकाच दुखण्याची पर्यायी नावे म्हणून योजले जातात. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्यांमागे भिन्न विकार असू शकतात. स्टेरॉइडच्या सुईचे लाभ व धोके बऱ्याच अंशी या भेदावर अवलंबून असतात, हे त्या उपचाराच्या इतिहासावरून दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

असा भेद करण्याचा प्रयत्न जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात खांद्याची बंधने शोषून शिरा आखडणाऱ्या वाताचे वर्णन असून त्या विकारास ‘अवबाहुक’ म्हटले आहे. पुढील वैद्यपरंपरेने ‘अंसशोष’ व ‘अवबाहुक’ हे दोन विकार वेगळे मानले. युरोपात 1872 साली द्युप्ले या फ्रेंच शल्यवैद्याने सांध्याभोवतालच्या भागांच्या दाहाचे विवेचन केले. बोस्टनच्या कॉडमन यांनी 1934 साली ‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव दिले. स्नायुबंध तुटण्याच्या विकाराचाही त्यांनी स्वतंत्रपणे अभ्यास केला होता. 1945 मध्ये नेव्हियासर यांनी सांध्याचे वेष्टण जाड होऊन आकसते, हे निदर्शनास आणले.

औषधाचा इतिहास त्यामानाने अलीकडचा आहे. 1948 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णास कॉर्टिझोन दिले. त्याचा परिणाम इतका विस्मयकारक ठरला की 1950 सालचे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल व राइखस्टाइन यांना मिळाले. 1951 मध्ये हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिझोन थेट सांध्यात टोचण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तथापि 1958 सालीच चँडलर व राइट यांनी अशा सुयांनी सांध्यास होणाऱ्या अपायाकडे लक्ष वेधले. अद्भुत गुण आणि सावधगिरीचा इशारा यांत अवघ्या सात वर्षांचे अंतर होते.

आज या उपचाराचे स्थान बरेचसे निश्चित झाले आहे. आखडलेल्या खांद्यात, विशेषतः आरंभीच्या काळात, सुईने काही आठवडे ते काही महिने वेदना कमी होते व व्यायाम करणे सुकर होते. दीर्घकालीन फरक मात्र थोडा असतो. याउलट स्नायुबंध झिजला असेल तर वारंवार दिलेल्या सुयांनी तो अधिक दुर्बळ होण्याचा संभव असतो, आणि औषध प्रत्यक्ष त्या बंधातच टोचले गेल्यास तो तुटण्याची भीती असते. सुईच्या जागी कातडी पांढुरकी पडणे, तिच्याखालची चरबी झिजणे, एकदोन दिवस वेदना वाढणे हेही घडते. सांध्यात जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण तो गंभीर असतो. मधुमेह्यांचा प्रश्न अधिक बिकट आहे : खांदा आखडण्याचा विकार त्यांनाच अधिक होतो आणि सुईनंतर काही दिवस रक्तातील साखरही त्यांचीच चढते.

येथे शब्दांमुळे आणखी एक घोटाळा होतो. ‘स्टेरॉइड’ हे एका मोठ्या रासायनिक कुळाचे नाव आहे. शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी द्रव्ये आणि सांध्यात टोचावयाचे दाहशामक औषध ही दोन्ही त्यात मोडतात. त्यामुळे कोणी नाव ऐकूनच भितो, तर कोणाला ‘दुखण्याची सुई’ एवढेच सांगितले जाते आणि तिच्यात काय होते हे कधीच कळत नाही. दोन्ही प्रकारांत रुग्णाचा निर्णय अज्ञानावर उभा राहतो.

बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणीत बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळले जातात, आणि ज्याचा खांदा आला आहे त्या बैलाला जाणता शेतकरी जुंपत नाही. मात्र स्वतःची वेदना सुईने थांबली की तोच शेतकरी दुसऱ्या दिवशी मोळी उचलतो. वेदना शमणे म्हणजे बंध सांधणे नव्हे. म्हणून सुई घेण्यापूर्वी विकाराचे नेमके नाव, पूर्वी घेतलेल्या सुयांची संख्या, रक्तातील साखर आणि नंतरची विश्रांती व व्यायाम या चार गोष्टींची वैद्याकडे स्पष्ट चर्चा होणे आवश्यक आहे. आणि ती रुग्णाला समजेल अशा मराठीत व्हावयास हवी.