घरातला समुद्र

कोल्हापूर आणि समुद्र यांचं नातं तसं ताटापुरतं. सुरमई, पापलेट, बांगडा रातोरात घाट चढून येतो आणि सकाळी बाजारात बर्फावर दिसतो, तेवढीच ओळख. सरळ रेषेत मोजलं तर अरबी समुद्र इथून जेमतेम शंभर किलोमीटर. पण आपली पंचगंगा त्याच्याकडे पाठ फिरवून निघते, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातं. अशा या गावात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर, दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून तीत वर्षानुवर्षं समुद्री मासे जगवणारी काही माणसं आहेत. फार नाहीत, बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला मी एक. आणि इतक्या वर्षांत घरी येणाऱ्या प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला आहे : "रोज मीठ टाकतायसा व्हय पाण्यात?"

उत्तर असं, की रोज टाकतो ते साधं पाणी. वाफ होऊन उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. वरून साधं पाणी घातलं नाही तर टाकी समुद्राहून खारट होत जाते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो. पण ते आपल्या स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. समुद्राच्या क्षारांत खाण्याचं मीठ तीन चतुर्थांशापेक्षा थोडं जास्त असतं. उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम अशी बरीच मंडळी. ही मंडळी योग्य प्रमाणात नसतील तर पाणी नुसतं खारट होतं, समुद्र होत नाही. हे शहाणपण माणसाला कसं आलं, त्याची गोष्ट मोठी रंजक आहे, आणि ती एका बाईपासून सुरू होते.

ॲना थिन हे तिचं नाव. लंडनमधल्या एका धर्मगुरूची पत्नी. १८४६ साली ती टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेली होती. तिथे तिला जिवंत प्रवाळ सापडले आणि ते दगडी बरणीत भरून तिनं लंडनला आणले. प्रवाळ म्हणजे आपल्या अंगठीतल्या पोवळ्याच्या गोतावळ्यातलेच जीव. लंडनला समुद्र नाही. सुरुवातीला ती एक दिवसाआड समुद्राचं ताजं पाणी मागवत असे. मग तिच्या लक्षात आलं, की पाणी बदलण्याची गरज नाही, त्याला हवा मिळाली की पुरे. म्हणून घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसे. पुढे थिनबाईंनी त्यात समुद्री शेवाळ घातलं. तिचे प्रवाळ सुमारे तीन वर्षं जगले. इतिहासात नाव बाईंचं राहिलं, ओतणारीचं नाही. माझ्या मते या छंदाचं निम्मं श्रेय त्या मोलकरणीचं आहे. असं मी का म्हणतो, ते पुढे येईल.

पुढची दहा वर्षं इंग्लंडात या छंदाचं खूळच पसरलं. १८४५ मध्ये काचेवरचा कर रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८५० च्या सुमारास दाखवून दिलं, की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ बसला तर टाकी बरीचशी आपली आपण चालते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक लिहिलं आणि हा शब्द घरोघरी गेला. घरच्या घरी समुद्राचं पाणी बनवायची कृतीही गॉस यांनीच दिली : खाण्याचं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड. चार पुड्या आणि पाणी. आज आम्ही पाकिटातून आणतो ते तयार मिश्रण म्हणजे याच कृतीचा खापरपणतू.

पण त्याच पुस्तकामुळे लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. खडकांतली डबकी दर ओहोटीला खरवडली जाऊ लागली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ मध्ये वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात ही खंत नोंदवली आहे, की आपण लहानपणी पाहिलेला तो रंगीत किनारा आता उरलेला नाही, आणि त्याला वडिलांची पुस्तकं कारण झाली याचं वडिलांनाही दुःख होतं. आमच्या छंदाच्या कुंडलीत हा दोष जन्मापासूनचा आहे.

याच काळात तिकडे स्कॉटलंडमध्ये एक वेगळीच गोष्ट घडत होती. सर जॉन डॅलिएल या गृहस्थांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणलं. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, खडकाला चिकटून राहणारा प्राणी. ते त्यांनी एडिंबरोत काचेच्या एका लहान बरणीत ठेवलं. पाणी समुद्राचं, तेही नियमित बदललेलं. अधूनमधून शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा. डॅलिएल १८५१ मध्ये गेले, पण बरणी दुसऱ्या अभ्यासकाकडे गेली, त्यानंतर तिसऱ्याकडे. सगळे त्या समुद्रफुलाला 'ग्रॅनी' म्हणजे आजी म्हणत. हातांतून हातांत जात आजी १८८७ पर्यंत जगली. एकोणसाठ वर्षं! ना पंप, ना वीज, ना फिल्टर. एकामागून एक माणसांनी कंटाळा केला नाही, एवढंच तिच्या आयुष्याचं यंत्र.

आपल्याकडे हे वारं आलं ते मत्स्यालयांच्या रूपानं. मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये मत्स्यालय उघडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडलं. आपल्या महाराष्ट्राला मात्र मत्स्यालय म्हटलं की मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवालाच आठवतं. डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूरांनी दिलेली दोन लाखांची देणगी आणि सरकारचे पैसे मिळून ते उभं राहिलं आणि १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलं. समोर समुद्र, आत समुद्र. आमच्या पिढीच्या शाळांच्या सहली राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला एवढं पाहिल्याशिवाय परतत नसत. २०१५ मध्ये त्याचं नवं रूप लोकांपुढे आलं, पुढे कोविडच्या काळात ते बंद झालं.

कोल्हापूरकरांना त्याहून जवळचं म्हणजे रत्नागिरीचं. आंबा घाट उतरलं की झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, १९५८ सालचं. पुढे ते कोकण कृषी विद्यापीठाकडे आलं. तिथल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे आणि शेजारी मत्स्यालय. गणपतीपुळ्याला देवदर्शन, येताना झाडगाव, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. माझा छंद तिथल्या काचेला नाक लावून सुरू झाला. काचेच्या आतला मासा माझ्याकडे बघत होता, अशी माझी समजूत होती.

पण मत्स्यालयात सोपं असतं ते घरात सोपं नसतं. किनाऱ्यावर पाणी बदलता येतं, घरी नाही. माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो आणि तोच माशाला मारतो. समुद्रात तो विरून जातो. चार फुटांच्या टाकीत जाणार कुठे? त्याची उकल १९६१ मध्ये जकार्तातल्या ली चिन एंग यांनी छंदिष्टांच्या मासिकातून सांगितली. त्यांनी समुद्रातले सच्छिद्र खडक, अंगावरच्या जीवांसकट, टाकीत ठेवले आणि हवेचे बुडबुडे सोडले. बस्स. त्या खडकांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. म्हणजे आम्ही मासे पाळतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात आम्ही जिवाणू पाळतो आणि जिवाणू मासे सांभाळतात. नवी टाकी भरली की पाच-सहा आठवडे तीत मासा सोडायचा नसतो, तो या जिवाणूंचं बस्तान बसावं म्हणून. आपल्याकडे इथेच घोडं अडतं. हजारो रुपये घालून आणलेली टाकी दीड महिना रिकामी बघायची तयारी कुणाची नसते.

२००३ मध्ये 'फाइंडिंग निमो' आला आणि मुलांनी हट्ट धरला. सिनेमा होता समुद्रातून पळवून आणलेल्या पिल्लाला परत नेण्याबद्दल. त्याचा परिणाम म्हणून आणखी पिल्लं टाक्यांत आली. त्या सुमारास फ्लॉवरहॉर्नचं वेड शिगेला होतं, वास्तुशास्त्रवाले उत्तरेला की ईशान्येला टाकी ठेवावी यावर वाद घालत होते. त्या गर्दीत मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं, ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून, निमो कोल्हापुरात उतरू लागला. बहुतेक महिनाभरात मेले. मी टाकी सुरू केली तीही याच लाटेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

माझी एक चूक इथे सांगतो. पहिल्याच वर्षी मी एक समुद्रघोडा घेतला. विकणाऱ्यानं कायद्याचा शब्द काढला नाही, मीही विचारलं नाही. समुद्रघोड्याला पोट म्हणावं असं जवळजवळ नसतंच. त्याला दिवसभर बारीक जिवंत खाद्य लागतं. मी सुकं खाद्य टाकत राहिलो. तो शेपटीनं फिल्टरच्या नळीला धरून बसे आणि खाद्य समोरून वाहत जाई. अकराव्या दिवशी त्याची पकड सुटली. नंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं, की २००१ पासून समुद्रघोडे आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणच्या किनाऱ्याशी आपल्याच समुद्रात प्रवाळ आहेत, तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झालं, हेही मला त्यानंतरच समजलं. त्या दिवसापासून समुद्रातून पकडलेला एकही जीव मी घरात आणलेला नाही.

हे शक्य झालं, कारण निमो, म्हणजे क्लाउनफिश, टाकीत जन्माला घालता येतो. अमेरिकेत मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकात ते व्यवसाय म्हणून करून दाखवलं. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनंही त्याचं तंत्र बसवलं आहे. मादी खडकावर अंडी घालते, नर आठवडाभर पर हलवत त्यांना वारा घालतो, आणि अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात. मादी मेली तर नराचीच मादी होते, हे ऐकून आमच्या मातोश्रींनी "जळलं मेलं ते लक्षण" म्हणून टाकीकडे दोन दिवस पाहिलं नव्हतं. माझी जोडी २००९ ची, टाकीतच जन्मलेली. नीट सांभाळलं तर हा मासा वीस वर्षंही काढतो.

या जोडीनं दोन संकटं पाहिली. पहिलं भारनियमनाचं. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू घटत जातो, म्हणून सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप प्रत्येक छंदिष्टाच्या घरी असेच. दुसरं संकट ऑगस्ट २०१९ चं. पाठ फिरवून जाणारी पंचगंगा त्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. घरात पाणी आलं नाही, पण वीज गेली ती गेलीच. सेल दुसऱ्या रात्री संपले. दुकानं बंद, रस्ते पाण्यात. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले तेव्हा मला लंडनची ती मोलकरीण आठवली. मी तांब्या घेतला, टाकीत बुडवला आणि वीतभर उंचीवरून परत ओतला. पुन्हा बुडवला, पुन्हा ओतला. अर्धा तास मी, अर्धा तास बायको, मग मुलगी. मध्यरात्रीनंतर शेजारचे आण्णा कंदील घेऊन आले. मिठाचा प्रश्न दर दिवाळीला विचारणारे तेच ते. थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सरका, तुमचा हात थरथरतोय." पहाटेपर्यंत तांब्या त्यांच्याच हातात होता.

चौथ्या दिवशी वीज आली. दोन मासे गेले होते. खडकांतले जिवाणूही बरेच मेले असणार, कारण पुढचे तीन आठवडे अमोनिया रोज मोजावा लागला आणि साठवून ठेवलेलं मिश्रण वापरून थोडं थोडं पाणी बदलावं लागलं. जोडी वाचली. मादी आता म्हातारी झाली आहे, तिचा डावा पर थोडा फाटलेला आहे. सकाळी दिवा लावला की खडकामागून आधी ती बाहेर येते, नर तिच्या मागे. तांब्या टाकीखालच्या कपाटातच ठेवला आहे.