गणनेची उष्णता : पुण्यातील संगणक आणि शांत शीतलनाचा शोध

संगणकाच्या प्रोसेसरला पुरविलेली वीज अखेरीस जवळजवळ सगळीच उष्णतेत बदलते. ही उष्णता काही चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनमध्ये निर्माण होते आणि ती वेळीच बाहेर नेली नाही, तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो किंवा बंद पडतो. त्यामुळे संगणकाचा इतिहास जितका वेगाचा, तितकाच उष्णता वाहून नेण्याच्या युक्त्यांचाही आहे, आणि त्याचे अनेक टप्पे पुणे या एकाच शहरात पाहायला मिळतात. घरातील संगणकासाठी आवाज न करणारा कूलर कसा निवडावा, या आजच्या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच इतिहासात आहे.

मार्च १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘सी-डॅक’ म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र उभे राहिले, तेव्हा जगातील महासंगणकांची वाट वेगळी होती. अमेरिकेतील क्रे-१ हा महासंगणक सुमारे ११५ किलोवॉट वीज घेत असे आणि ती उष्णता काढण्यासाठी त्याच्या सांगाड्यातून फ्रीऑन हा शीतक खेळवावा लागे. पुढच्या क्रे-२ मध्ये तर विद्युत मंडलेच एका निष्क्रिय द्रवात बुडविलेली होती. असे संगणक भारताला सहजी मिळत नव्हते, म्हणून डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालील संस्थेने समांतर संगणनाचा मार्ग धरला. समांतर संगणन म्हणजे एकच अतिवेगवान प्रोसेसर बनविण्याऐवजी अनेक साध्या प्रोसेसरांनी एक काम वाटून घेणे. १९९१ मध्ये तयार झालेल्या ‘परम ८०००’ मध्ये इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्यूटर होते. शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या अंगातच असलेल्या या प्रोसेसरांना वीज अगदी कमी लागे. ही निवड परदेशी महासंगणक मिळत नसल्यामुळे झाली होती, उष्णतेमुळे नव्हे. तरीही काम पसरले की उष्णताही पसरते आणि पसरलेली उष्णता हाताळणे सोपे असते, हे तत्त्व तिच्यातून आपोआप साधले गेले.

त्या काळातील संगणक कचेरीतल्या वातानुकूलित खोलीत असे. चपला बाहेर काढून आत जायचे, दार ओढून घ्यायचे आणि यंत्राची घरघर काचेपलीकडे ठेवायची, अशी तेथील रीत होती. घरगुती संगणकाने ही सोय काढून घेतली, कारण तो थेट अभ्यासाच्या टेबलावर आला. ८०३८६ प्रोसेसर बहुधा उघडाच चालत असे. १९९३ च्या पहिल्या पेंटियमला मात्र पाच व्होल्टवर १५ वॉटच्या आसपास वीज लागू लागली, आणि त्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरविणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा, व त्यावर एक लहान पंखा बसविणे भाग पडले. पंखा लहान असल्यामुळे पुरेशी हवा ढकलण्यासाठी त्याला वेगाने फिरावे लागे, आणि त्यातूनच ती परिचित चिरचिर निर्माण झाली.

पुढील दहा वर्षांत हा भार वाढतच गेला. २००४ च्या पेंटियम ४ च्या काही नमुन्यांसाठी ११५ वॉटपर्यंतची उष्णता गृहीत धरावी लागली. प्रोसेसरची वीज त्याच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; व्होल्टेज आणखी उतरविणे अवघड झाल्यावर केवळ वेग वाढविण्याचा मार्ग खुंटला. त्याच वर्षी इंटेलने ‘तेजस’ हा पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि २००६ मध्ये दोन गाभ्यांचा, म्हणजे एकातच दोन प्रोसेसर असलेला आणि बहुतेक नमुन्यांत ६५ वॉटचा, कोअर २ ड्युओ आणला. काम अनेक गाभ्यांत वाटण्याचे जे सूत्र पुण्यात परमने १९९१ मध्ये वापरले होते, ते उष्णतेच्या रेट्याने आता घरगुती संगणकातही आले.

पुण्यातील मोठ्या यंत्रांनाही तोच रेटा जाणवत होता. टाटा समूहाच्या सीआरएल संस्थेचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये सर्वांत वेगवान महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथा आला. फेब्रुवारी २०१३ मधील ‘परम युवा २’ ची क्षमता ५२४ टेराफ्लॉप्स, म्हणजे आधीच्या ‘युवा’ च्या सुमारे दहापट, होती. तरीही त्याला ३५ टक्के कमी ऊर्जा लागेल, असे सी-डॅकने सांगितले होते. उष्णता मुळातच कमी निर्माण करणे हे आता वेगाइतकेच मानाचे मानले जाऊ लागले होते.

यानंतर पाणी आले. पाण्याचे ठराविक आकारमान तेवढ्याच हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता सामावून घेते. पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेला ‘प्रत्युष’ क्रे एक्ससी-४० जातीचा होता आणि त्यात कपाटांच्या रांगेतून आडवी वाहणारी हवा वाटेतल्या पाण्याच्या वेटोळ्यांवर पुन्हा गार होत असे. २०१९ मध्ये पाषाणच्याच ‘आयसर’ या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आलेल्या ‘परम ब्रह्म’ मध्ये पाणी थेट प्रोसेसरला भिडणाऱ्या धातूच्या तबकडीतून फिरविले गेले. मात्र अशा संस्थांमध्ये आवाज नाहीसा होत नाही. तो यंत्रखोलीत आणि इमारतीबाहेरच्या शीतनयंत्रांकडे हलविला जातो. घराला अशी बाहेरची जागा नसते, आणि घरगुती कूलरची निवड वेगळी ठरते ती याच कारणाने.

घरात १०० वॉटची उष्णता हवेच्या तापमानात दहा अंशांची वाढ स्वीकारून बाहेर काढायची, तर पुण्याच्या उन्हाळी हवेत सेकंदाला ९ ते १० लिटर हवा लागते. हा प्रवाह १२० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला हजारभर फेऱ्यांत देऊ शकतो. ८० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्र त्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने त्याला बरेच वेगाने फिरावे लागते. पंख्याचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून शांततेसाठी पंखा मोठा, त्याची गती मंद आणि हीटसिंकच्या पात्यांचे क्षेत्र भरपूर असावे लागते. त्या पात्यांपर्यंत उष्णता पोहोचविते ती तांब्याची उष्णतानलिका, जिची आधुनिक रचना जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये लॉस अलामॉस येथे सिद्ध केली. माठात बाष्पीभवनाने पाणी गार होते, त्याच तत्त्वावर तिच्यातील द्रव गरम टोकाला उष्णता शोषून वाफ होतो, गार टोकाला ती सोडून पुन्हा द्रव होतो आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परततो.

बंद नळ्यांच्या पाणी-कूलरला घरात जादूचे स्थान देणे योग्य नाही. त्याच्या रेडिएटरचे क्षेत्र मोठे असते हा खरा लाभ, पण पंखे त्यावरही असतात, पंपाची गुणगुण वेगळी भर घालते, आणि शीतनयंत्राविना त्यातील पाणी खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. पंखाच नसलेला हीटसिंक पूर्ण नीरव असतो, परंतु कमी वॉटच्या प्रोसेसरसाठीच तो भरवशाचा ठरतो. शिवाय पुण्यात कूलर जोखायचा तो एप्रिलमध्ये. डिसेंबरच्या २० अंशांच्या खोलीत पुरेसा वाटलेला संच ३६ अंशांच्या खोलीत १६ अंश अधिक तापतो, पंखा वेग घेतो आणि विकत घेतलेली शांतता नेमकी सुट्टीच्या दिवसांत संपते. रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ पात्यांत साचली, तर हे आणखी लवकर घडते.

पुण्यातील तपकीर गल्लीसारख्या बाजारात किंवा अन्यत्र कूलर घेण्यापूर्वी, म्हणूनच, आधी प्रोसेसरचे वॉट पाहावेत, शक्य असेल तेथे त्याची वीजमर्यादा थोडी उतरवावी, मग संगणकाच्या पेटीत मावेल तेवढा उंच हीटसिंक आणि मोठा पंखा निवडावा, आणि शेवटी पात्यांतली धूळ नियमित झाडावी. पुण्याच्या संगणकांनी साडेतीन दशकांत जे सिद्ध केले, त्याचाच हा घरगुती क्रम आहे : उष्णता आधी कमी करावी, मग पसरवावी आणि नंतरच वाहून न्यावी. पहिल्या दोन पायऱ्या गाळणाऱ्याला तिसरीची किंमत रोज कानांनी मोजावी लागते.