दुसऱ्या बॅटरीची कुळकथा

१९१२ साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर बसवला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. तेव्हापासून मोटारीतल्या बॅटरीचं मुख्य काम ठरून गेलं: काही सेकंद भरपूर करंट देऊन इंजिन फिरवायचं. खर्च झालेलं मग इंजिनानेच भरून द्यायचं. पण याच बॅटरीवर रात्रभर दिवा, पंप आणि फ्रिज चालवला, तर सकाळी गाडी हलत नाही. कॅम्पर व्हॅनमध्ये मुक्कामासाठी दुसरी बॅटरी आली ती या धास्तीपोटी.

तिला भरणार कोण? वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बिछाना आणि कपाटं बसवून दिली, पण ती गाडी सहा व्होल्टची आणि डायनामोवाली. डायनामोतला सगळा करंट फिरत्या भागातून, कार्बन ब्रशमार्फत बाहेर काढावा लागतो. त्यामुळे तो फार जोरात फिरवता येत नाही, आणि इंजिन आयडलिंगला असलं की जवळजवळ काहीच देत नाही. दुसऱ्या बॅटरीला वाढावं एवढं त्याच्या ताटात उरतच नव्हतं.

सिलिकॉन डायोड स्वस्त झाले आणि चित्र पालटलं. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटने अल्टरनेटर चारचौघांच्या मोटारीत आणला. यात वीज तयार होते स्थिर वेटोळ्यांत, आणि डायोड तिला बॅटरीजोगी एकाच दिशेची करतात. ब्रशमधून जातो तो चुंबकत्वापुरता मोजका करंट.

उरला प्रश्न जोडणीचा, आणि माझ्या मते खरी कथा या सांध्याचीच आहे. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या एकत्र हव्यात, बंद पडताच वेगळ्या. हे ठरवायचं कुणी? माणसाच्या हाती जाडजूड स्विच दिला, तर तो विसरतो. डायोड विसरत नाही, करंट एकाच दिशेने जाऊ देतो. पण वाटेत सुमारे ०.७ व्होल्ट खातो. लेड-ॲसिड बॅटरीला १४.४ व्होल्टच्या जागी १३.७ च मिळाले की ती पुरती भरत नाही, प्लेटांवर सल्फेट साचतं आणि बॅटरी अकाली मरते.

सगळ्यात देखणी युक्ती रिलेची, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचची. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा तांबडा दिवा अल्टरनेटरच्या ज्या डी प्लस टर्मिनलला जोडलेला असतो, त्यावरच रिले चालवायचा. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिवा विझतो आणि रिले बॅटऱ्या जोडतो. पुढच्या रिलेंना ही तारही नको झाली. व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की जोड, १२.८ च्या खाली आलं की तोड.

या रिलेचा घात केला प्रदूषणाच्या नियमांनी. अल्टरनेटर फिरवायलाही डिझेल जळतंच. म्हणून युरो ५ आणि युरो ६ च्या काळात कंपन्यांनी त्याचं नियंत्रण संगणकाकडे सोपवलं. बॅटरी बरीच भरली की व्होल्टेज १२.५ च्या आसपास उतरवायचं. गाडीचा वेग उतरताना वीज फुकट मिळते, तेव्हा १५ पर्यंत चढवायचं. भर हायवेवर रिलेला वाटतं, इंजिन बंद पडलं!

त्यातच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली. तिचा अंतर्गत रोध इतका कमी, की थेट जोडली तर मिळेल तेवढा करंट ओढते. अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच दांड्यावर, म्हणजे आयडलिंगला वारा कमी आणि भार पूर्ण. अशाने वेटोळी जळतात.

म्हणून आता मधे डीसी-डीसी चार्जर बसतो. येईल ते व्होल्टेज घेऊन तो बॅटरीला हवं ते देतो आणि ठरल्यापेक्षा जास्त करंट ओढत नाही. ३० अँपिअरचा चार्जर दोन तासांच्या प्रवासात साठेक अँपिअर-तास भरतो.

जुनी गाडी आणि लेड-ॲसिड बॅटरी असेल, तर मात्र हा खर्च उगाच आहे. डी प्लसवरचा रिले तिथे आजही चोख चालतो. काहीही बसवा, पण तार जाड घ्या आणि दोन्ही टोकांना, बॅटरीला लागूनच, फ्यूज लावा. मधे तार घासून बॉडीला टेकली, तर करंट दोन्हीकडून येतो.