रुळांनी घडविलेली इंजिने

जुन्या अमेरिकन डिझेल इंजिनांचे शौकीन ती आवाजावरून ओळखतात. आपण येथे वेगळा प्रश्न विचारू. अल्को कंपनीचे एक इंजिन कुर्डुवाडीला, दुसरे पूर्णेला, आणि लातूरच्या अरुंद रुळांवर मात्र एकही नाही, असे का झाले?

याचे उत्तर आसभारात आहे. आसभार म्हणजे चाकांच्या एका आसामधून रुळांवर पडणारे वजन. कॅलथ्रॉप यांनी 762 मिलिमीटर रुंदीची बार्शी लाइट रेल्वे 5 टन आसभार धरून आखली. ती 1897 मध्ये सुरू झाली व 1911 मध्ये लातूरला पोहोचली. नांदेडचा मनमाड-काचीगुडा मार्ग त्या वेळी मीटर गेज, तर कुर्डुवाडीवरून जाणारा मुंबई-मद्रास मार्ग ब्रॉडगेज होता.

1960 नंतर अल्कोची दोन इंजिने भारतात आली : ब्रॉडगेजसाठी डब्ल्यूडीएम-2 आणि मीटर गेजसाठी वायडीएम-4. दोन्हींत '251' जातीचेच सिलिंडर, 9 इंच व्यासाचे. पहिल्यात 16 सिलिंडर व 2600 अश्वशक्ती, दुसऱ्यात 6 सिलिंडर व सुमारे 1400 अश्वशक्ती. पहिल्याचे वजन 112.8 टन, दुसऱ्याचे 72 टन. आस दोन्हींना सहाच. विद्यार्थ्यांना भागाकार करू द्या : आसभार 18.8 टन आणि 12 टन येतो. लातूरच्या रुळांना यांतले हलके इंजिनही पेलणारे नव्हते.

त्याच सुमारास जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीएम-4 हेही 2600 अश्वशक्तीचे इंजिन आले. ते टू-स्ट्रोक होते, म्हणजे दर फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरमध्ये ज्वलन. अल्कोचे फोर-स्ट्रोक, त्यात दर दोन फेऱ्यांना एकदा. शौकिनांना ऐकू येतो तो हाच फरक. मात्र तंत्रज्ञान देण्याचा करार अल्कोशी झाला, आणि 1964 पासून वाराणसीत ही इंजिने बनू लागली. 1969 मध्ये अल्कोने अमेरिकेतील इंजिन-उत्पादन थांबविले, तरी आपल्याकडे ते अनेक दशके चालू राहिले.

इंजिन बदलले तरी रुळांची रुंदी तीच राहिली. त्यामुळे मनमाडला आणि कुर्डुवाडीला माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावाच लागे. त्या हमालीचा आणि खोळंब्याचा भार मराठवाड्याच्या व्यापाराने कित्येक दशके सोसला. नांदेडचा मार्ग 1990 च्या दशकात रुंद झाला. अकोला-पूर्णा आणि लातूर-कुर्डुवाडी हे मार्ग 2008 पर्यंत रुंद झाले.

आता विद्युतीकरणामुळे ही इंजिने भंगारात जात आहेत. एखादे चौथऱ्यावर जपलेले दिसले, तर विद्यार्थ्यांना त्याचे आस मोजायला सांगा. ज्या रुळांसाठी ते घडले, त्यांचा इतिहास तेथूनच वाचता येतो.