पडद्यावरचे साल

जुन्या वस्तूचे वय ठरवू जाणाऱ्यास सर्वांत अधिक चकवते ते त्या वस्तूवर स्पष्ट अक्षरांत लिहिलेले साल. पोथीच्या अखेरीस शक दिलेला असला की नवखा अभ्यासक हरखतो. मग कोणीतरी जाणकार हळूच विचारतो की हा शक ग्रंथ रचल्याचा, की ही प्रत उतरवल्याचा, की जिच्यावरून ती उतरवली त्या प्रतीचा? लेखनिकाने समोरच्या पोथीतला शकही इमानेइतबारे उतरवून ठेवला असेल, तर तिन्ही काळ एकाच ओळीत येऊन बसतात. पार्लरमधल्या व्हिडिओ गेमच्या पेटीचे असेच आहे. वीज दिली की पडद्यावर कंपनीचे नाव आणि साल उमटते, आणि बघणारा निःशंकपणे म्हणतो, 'त्र्याण्णवची मशीन!'

अशी एक पेटी आम्हांस खांदेश्वरात पाहावयास मिळाली. स्थानकापासून कळंबोलीकडे जाताना लागणाऱ्या एका भंगाराच्या दुकानात, फ्रीजच्या सांगाड्यांमागे ती उभी होती. प्लायवूडचा पेटारा, त्यावर चॉकलेटी सनमायका, दोन दांडे, आणि एका कडेला कोणा मुलाने खिळ्याने कोरलेले अर्धे नाव. एका उपाहारगृहासाठी ती विकत घेऊ पाहणाऱ्या गृहस्थांना 'खरी व्हिंटेज' वस्तू हवी होती, आणि पडद्यावर आलेले १९९३ हे साल त्यांना पुरेसे होते. आम्हांस ते पुरेसे वाटले नाही. दुकानदाराच्या परवानगीने दोन दुपारी ती उघडून पाहिली, तेव्हा लक्षात आले की 'या पेटीचे वय किती' हा प्रश्नच एकवचनात विचारता येत नाही.

पडद्यावर येणारा खेळ आपल्याकडे 'मुस्तफा' या नावाने ओळखला जातो. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये तो काढला तेव्हा त्याचे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असे होते, आणि त्यामागे मार्क शुल्ट्झ यांची 'झेनोझोइक टेल्स' ही चित्रकथा होती. भारतातल्या पार्लरांत मात्र इंग्रजी नाव मागे पडले. खेळातल्या चार नायकांपैकी पिवळ्या टोपीच्या एकाला मुलांनी आपले मानले आणि त्याच्याच नावाने सारी कृती ओळखली जाऊ लागली. यात हसण्यासारखे काही नाही. 'भावार्थदीपिका' हे ग्रंथाचे नाव बाजूस सारून आपण पिढ्यान्‌पिढ्या 'ज्ञानेश्वरी'च म्हणत आलो आहोत. नामकरण हेही वाचनच असते.

तेव्हा १९९३ हे संहितेचे साल झाले. प्रतीचे साल शोधण्यासाठी मागचे फळकूट काढून आतला सर्किट बोर्ड पाहावा लागतो. चिपांवर बहुधा चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ९४१२ म्हणजे १९९४ चा बारावा आठवडा. एका बोर्डावर निरनिराळ्या आठवड्यांच्या चिपा असणे स्वाभाविक आहे. त्यांतली सर्वांत अलीकडची तेवढी निर्णायक, कारण बोर्ड तिच्याआधी तयार झालेला असू शकत नाही. आमच्या पेटीत अशी चिप होती ९६४१, म्हणजे १९९६ च्या ऑक्टोबरातली. कॅपकॉमची खूण बोर्डावर कुठेच नव्हती आणि काही चिपांवरची अक्षरे घासून टाकलेली होती. बोर्ड परवान्याविना केलेली नक्कल होता. कानांनाही तसेच जाणवले. मूळ खेळात 'क्यू-साउंड' ही घुमारेदार ध्वनियोजना होती. इथे तिच्या जागी पातळ, कोरडा आवाज होता.

'नक्कल' म्हणून अशा बोर्डांना तुच्छ लेखण्याची रीत आहे, आणि ती आम्हांस मान्य नाही. नकलाकार नेहमी केवळ उतरवून घेत नाही. तो भर घालतो. १९९२ मध्ये 'स्ट्रीट फायटर २' च्या एका आवृत्तीवरून तयार झालेली, 'रेनबो' म्हणून ओळखली जाणारी अनधिकृत प्रत प्रसिद्ध आहे. तीत लढवय्ये हवेत उडी मारलेली असतानाच अग्निगोल सोडतात आणि चालू लढाईत रूप पालटून दुसरेच पात्र होतात. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅपकॉमने वेग वाढवलेली स्वतःची 'टर्बो' आवृत्ती काढली, आणि ती या अनधिकृत प्रतींना दिलेले उत्तर होती असे सांगितले जाते. प्रक्षेपांना शह देण्यासाठी कर्त्याने स्वतः ग्रंथ सुधारावा, असाच हा प्रकार. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या अध्यापकांना याहून ताजे उदाहरण कुठे मिळेल?

बोर्डापेक्षा पेटारा निराळा, आणि आमच्या मते अधिक बोलका. मुस्तफा खेळायला एक दांडा आणि दोन बटणे पुरतात. या पेटाऱ्याच्या फळीवर मात्र प्रत्येक खेळाडूसमोर सहा भोके पाडलेली होती, आणि त्यांपैकी चार प्लास्टिकच्या बुचांनी बुजवलेली. सहा बटणांची गरज 'स्ट्रीट फायटर २' ला असते, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. तो खेळ १९९१ चा. १९८० च्या दशकाच्या मध्यात जपानी उत्पादकांनी 'जामा' नावाची समान जोडणी रूढ केली, त्यामुळे एक बोर्ड उपसून दुसरा बसवणे मिनिटांचे काम झाले. परंतु त्या जोडणीत सहा बटणांची सोय नव्हती, म्हणून उरलेल्या बटणांसाठी वेगळा तारांचा जुडगा ओढावा लागे. तो जुडगा आत लोंबकळत होता, कशालाही न जोडलेला. राहिलेली शंका पिक्चर ट्यूबने मिटवली. एकच चित्र महिनोन्‌महिने दिसत राहिले की ट्यूबच्या आतला फॉस्फरचा थर तेवढ्या जागी जळतो. वीज बंद करून काचेवर तिरपा उजेड टाकला, तेव्हा वरच्या बाजूस दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध एक चौकोनी डाग अस्पष्ट दिसू लागला. लढवय्यांची शक्ती दाखवणाऱ्या पट्ट्या! खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रावर जुनी अक्षरे दिसावीत, तसा मुस्तफाच्या खाली आधीचा खेळ शाबूत होता.

नाण्याच्या खाचेमागचे यंत्र तर स्वतःच साक्षीदार निघाले. अशा यंत्रात एक नमुन्याचे नाणे कायमचे अडकवून ठेवतात, आणि आत पडणारे प्रत्येक नाणे त्याच्याशी ताडून पाहिले जाते. इथला नमुना होता स्टेनलेस स्टीलचा एक रुपया, साल २०००, सालाखाली मुंबई टांकसाळीचा चौकट. १९९२ पासून निघालेला हा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा होता. २०११ मध्ये नवा रुपया आला तो सुमारे २२ मिलिमीटरचा. म्हणजे २००० मध्ये किंवा त्यानंतर कोणीतरी ही पेटी एका रुपयावर लावली, आणि नव्या लहान रुपयासाठी नमुना बदलण्याची गरज कोणास भासली नाही. यावरून ती २०११ नंतर लवकरच थांबली असे म्हणण्याचा मोह होतो. पण जुने रुपये पुढेही चलनात होतेच. हा पुरावा लंगडा आहे.

आता हे सारे स्थळाशी ताडून पाहावे. सिडकोची स्थापना १९७० ची. खाडी ओलांडून लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये, आणि पनवेलला १९९८ मध्ये. पडद्यावरचे साल प्रमाण मानले तर खांदेश्वरातली मुले १९९३ मध्ये मुस्तफा खेळत होती असा इतिहास लिहावा लागेल. पेटीतले पुरावे दुसरेच सांगतात. १९९१ नंतर कधीतरी, बहुधा मुंबईतल्या एखाद्या पार्लरासाठी, सुताराने हा पेटारा केला. १९९६ च्या अखेरीनंतर त्यात नकलेचा बोर्ड आला. आणि एका रुपयाच्या हिशेबाने तो २००० च्या पुढे चालला. मुंबईहून तो इकडे कधी आला हे पेटी सांगत नाही, परंतु शहरात जुने झालेले खेळ लोकलच्या मागोमाग नव्या वसाहतींत उतरले असावेत, हा आमचा तर्क आहे. जपानमधले १९९३ आणि खांदेश्वरातले १९९३ एक नव्हते. वाङ्मयाच्या इतिहासात आपण हे सहज मान्य करतो. शके १२१२ चा ग्रंथ एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केला, आणि वाचकांच्या हाती पुढे आला तो बहुतांशी हा दुसऱ्या सालाचा.

मग अशा पेट्यांची नोंद कुठेच का नाही? एक कारण असे की कागदोपत्री त्या आल्या त्या संशयित म्हणून. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. जे. शिवाणी खटल्यात व्हिडिओ गेमवर परवान्याचे नियंत्रण ठेवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. तिथे प्रश्न जुगाराचा होता. दुसरे कारण, संहितेचे जतन झाले की काम संपले अशी समजूत. 'मेम' या १९९७ पासून चालत आलेल्या प्रकल्पाने आर्केड खेळांची जणू चिकित्सक आवृत्तीच सिद्ध केली आहे. मूळ प्रत कोणती, तिची पाठांतरे कोणती, अनधिकृत प्रतींचे बिटागणिक ठसे कोणते, हे सारे तिथे मांडलेले असते. भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या संपादकांना ती शिस्त ओळखीची वाटली असती. परंतु बुजवलेली भोके, जळलेली काच आणि नमुन्याचा रुपया कोणत्याही फाइलीत मावत नाहीत.

विकत घेणाऱ्या गृहस्थांचा बेत साधा होता. ट्यूब काढून सपाट पडदा, बोर्डाच्या जागी शेकडो खेळ भरलेला नवा बोर्ड, आणि पेटाऱ्यास लाल रंग. मालकी त्यांची, पैसे त्यांचे. आम्ही हरकत घेऊ शकत नव्हतो. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून छापलेल्या ज्ञानेश्वरीची मूळ पोथी पुढे अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही, आणि तिच्या काळाविषयीचा वाद छापील पानांवरच चालवावा लागला, ही गोष्ट आम्ही त्यांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. ट्यूब ठेवण्यास त्यांच्याकडे जागा नव्हती. बोर्ड, तारांचा जुडगा आणि नाण्याचे यंत्र त्यांनी आम्हांस भंगाराच्या भावाने दिले, नमुन्याच्या रुपयासकट. आणि पट्ट्यांच्या डागाची छायाचित्रे आम्ही त्याच दुपारी, उजेड उतरण्यापूर्वी, काढून घेतली.