सॉफ्टवेअरमधील सुरक्षाछिद्रे : विक्रेत्यावर विसंबावे किती?

२७ जून २०१७ रोजी उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक एकाएकी बंद पडले. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे आणि तो कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच ठप्प झाल्याने कामे हाताने उरकण्याची वेळ आली. 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज उद्योगसमूहातील कंपनी चालविते. मूळ आघात मात्र मुंबईवर नव्हता आणि डेन्मार्कवरही नव्हता. तो होता युक्रेनवर. तेथील असंख्य कंपन्या करविवरणासाठी 'मेडॉक' नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरीत. त्याच्या निर्मात्याचे सर्व्हर हल्लेखोरांनी ताब्यात घेतले आणि नेहमीच्या अपडेटच्या वाटेने 'नॉटपेट्या' हा विध्वंसक प्रोग्राम ग्राहकांच्या संगणकांत उतरविला. तेथून तो विंडोजमधील एका ज्ञात दोषाच्या आणि चोरलेल्या पासवर्डांच्या आधारे जगभर पसरला. एकट्या मर्स्कचे नुकसान ३० कोटी डॉलरपर्यंत गेल्याचा अंदाज त्या कंपनीने जाहीर केला.

या एकाच घटनेत दोन परस्परविरोधी धडे आहेत. मेडॉकचे अपडेट ज्यांनी इमानेइतबारे घेतले, त्यांच्यावर आधी संकट कोसळले. आणि विंडोजचे अपडेट ज्यांनी घेतले नाही, त्यांच्याकडे ते पुढे पोहोचले. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीवर ग्राहकाने किती विसंबावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

दोष येतो कोठून?

सुरक्षाछिद्र म्हणजे प्रोग्राममधील अशी चूक, की जिचा फायदा घेऊन परक्या माणसाला संगणकाकडून हवे ते काम करवून घेता येते. यातील एक जुना प्रकार 'बफर ओव्हरफ्लो' हा होय. प्रोग्रामने शंभर अक्षरांसाठी जागा राखून ठेवलेली असते आणि बाहेरून येतात पाचशे. पायलीच्या मापात दोन पायल्या धान्य ओतले तर ते सांडते. संगणकात मात्र सांडलेला ऐवज शेजारच्या मापात जाऊन पडतो. त्या शेजारच्या जागेत पुढे कोणती आज्ञा पाळायची याची नोंद असेल, तर हल्लेखोर तेथे स्वतःची आज्ञा बसवू शकतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटचा काही भाग ठप्प करणाऱ्या 'मॉरिस वर्म'ने वापरलेल्या युक्त्यांमध्ये ही एक होती. त्यानंतर लगेचच अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट' हे समन्वय केंद्र स्थापन झाले. भारतात असे केंद्र, म्हणजे 'सर्ट-इन', जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले.

कोट्यवधी ओळींच्या प्रोग्राममध्ये चुका राहणारच, हे कोणीही जाणकार मान्य करतो. चूक उघड झाल्यावर कंपनी ती दुरुस्त करणारा 'पॅच' काढते. पॅच म्हणजे शब्दशः ठिगळच. कंपनीला कळण्याआधीच ज्या छिद्राचा गैरवापर सुरू होतो, त्याला 'झीरो डे' म्हणतात. कारण बचावासाठी हाती शून्य दिवस असतात. १९९९ पासून प्रत्येक जाहीर दोषाला 'सीव्हीई' या पद्धतीने स्वतंत्र क्रमांक दिला जातो. त्यामुळे निदान सारे जण एकाच दोषाविषयी बोलत आहेत, एवढे तरी निश्चित होते.

ठिगळ तयार होते, लावले कोणी नव्हते

विक्रेत्यांविषयीचा अविश्वास खऱ्या अर्थाने वाढला तो २००१ ते २००३ या काळात. जुलै २००१ मध्ये 'कोड रेड' या वर्मने मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमधील दोषाचा लाभ घेऊन १४ तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक संगणक बाधित केले. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये 'निमडा' आला. अखेर १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी सर्व कर्मचाऱ्यांना पत्र पाठवून नवी वैशिष्ट्ये आणि सुरक्षा यांत निवड करायची झाल्यास सुरक्षा निवडावी, असे बजावले. विंडोजचे काम काही आठवडे थांबवून हजारो प्रोग्रामरना प्रशिक्षण देण्यात आले.

याच सुमारास ओरॅकल कंपनी आपल्या उत्पादनांची जाहिरात 'अनब्रेकेबल', म्हणजे अभेद्य, अशी करीत होती. ब्रिटिश संशोधक डेव्हिड लिचफील्ड यांनी काही महिन्यांतच त्यात एकामागून एक छिद्रे दाखवून दिली. अभेद्यतेचा दावा करणाऱ्या विक्रेत्याकडे त्यानंतर जाणकारांनी संशयानेच पाहावे, हे साहजिक होते.

याच लिचफील्ड यांनी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील एक दोषही शोधला होता. त्याचा पॅच जुलै २००२ मध्ये आला. त्यानंतर एका परिषदेत त्यांनी दोष कसा वापरता येतो याचा नमुनाही सादर केला. २५ जानेवारी २००३ रोजी त्याच छिद्रातून 'स्लॅमर' बाहेर पडला. अवघ्या ३७६ बाइटचा हा वर्म. हा परिच्छेदही त्याहून मोठा भरेल. बाधित होऊ शकणाऱ्या संगणकांपैकी सुमारे ९० टक्के त्याने पहिल्या १० मिनिटांत गाठले. बँक ऑफ अमेरिकाची एटीएम यंत्रे अडली. पॅच सहा महिने उपलब्ध होता, तो ग्राहकांनी लावला नाही, असे म्हणून कंपनीला हात झटकता आले असते. अडचण एवढीच, की मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जाळ्यातील अनेक सर्व्हरवरही तो लावलेला नव्हता. पॅच लावणे हे किती किचकट काम आहे, याची याहून प्रामाणिक कबुली मिळणे अवघड.

ऑगस्ट २००३ मधील 'ब्लास्टर'नंतर कंपनीने ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच एकत्र देण्याची पद्धत सुरू केली आणि ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकसोबत फायरवॉल आपोआप चालू ठेवली. सुधारणा झाली, हे मान्य करावेच लागेल.

सांगावे की झाकावे?

दोष शोधणाऱ्याने तो जगाला कधी सांगावा, यावर जुना वाद आहे. लगेच सांगितल्यास चोरांना वाट मिळते. न सांगितल्यास कंपनी ढिम्म बसते. स्वतःचा नमुना स्लॅमरच्या कर्त्याने वापरला असावा, हे पाहून लिचफील्ड यांनीही असे नमुने प्रसिद्ध करण्याविषयी फेरविचार केला. दुसरीकडे झाकण्याच्या प्रयत्नाचे नमुनेदार उदाहरण जुलै २००५ मध्ये लास वेगास येथे घडले. सिस्कोच्या राउटरमध्ये परका प्रोग्राम चालविता येतो, हे मायकल लिन हा संशोधक 'ब्लॅक हॅट' परिषदेत दाखविणार होता. परिषदेच्या छापील ग्रंथातून त्याच्या व्याख्यानाची पाने फाडून काढण्यात आली. लिनने नोकरीचा राजीनामा दिला आणि व्याख्यान दिलेच. सिस्को आणि त्याची पूर्वीची कंपनी न्यायालयात गेल्या. ज्या व्याख्यानाला एरवी काहीशे श्रोते मिळाले असते, त्याची बातमी जगभर झाली.

यातून 'समन्वित प्रकटीकरण' ही मधली वाट रूढ होत गेली. संशोधकाने आधी कंपनीला कळवावे, ठरावीक मुदत द्यावी आणि मग जाहीर करावे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या गुगलच्या 'प्रोजेक्ट झीरो'ने ही मुदत ९० दिवसांची ठेवली. जानेवारी २०१५ मध्ये विंडोजमधील एका दोषाची मुदत मायक्रोसॉफ्टचा पॅच येण्याच्या दोन दिवस आधी संपली. गुगलने तो तरीही जाहीर केला आणि दोन कंपन्यांत जाहीर खटका उडाला. प्रतिस्पर्ध्याच्या चुका मोजणारी कंपनी स्वतः विक्रेतीच आहे, हेही येथे विसरून चालणार नाही.

सरकारे या व्यवहारात त्रयस्थ नाहीत. विंडोजमधील 'इटर्नलब्लू' हे छिद्र अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला ठाऊक होते. तिने ते स्वतःच्या हेरगिरीसाठी राखून ठेवले. ते साधन चोरीस गेले, मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी पॅच काढला, एप्रिलमध्ये चोरांनी साधन जाहीर केले आणि १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने ब्रिटनची रुग्णालये खिळखिळी केली. नॉटपेट्यानेही हेच छिद्र वापरले. मायक्रोसॉफ्टने अमेरिकी सरकारवर उघड टीका केली, आणि एप्रिल २०१४ मध्ये पाठिंबा बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही पॅच सर्वांना मोफत दिला.

हरवलेली किल्ली

पॅचची चर्चा आपल्या टेबलावरील संगणकापुरती होती. आता पत्रव्यवहार, कागदपत्रे, हिशेब सारे विक्रेत्याच्याच 'क्लाऊड'वर असते आणि तेथे ग्राहकाला काहीच तपासता येत नाही. २०२३ मधील प्रकरण म्हणूनच अधिक गंभीर ठरले. चीनशी संबंध असल्याचे सांगितल्या जाणाऱ्या एका गटाने मायक्रोसॉफ्टची २०१६ मध्ये तयार झालेली एक स्वाक्षरी-किल्ली मिळविली आणि तिच्या साह्याने बनावट ओळखपत्रे तयार करून २२ संस्थांतील ५०० हून अधिक व्यक्तींचे ईमेल वाचले. त्यांत अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो यांचा समावेश होता. ही किल्ली कधीच रद्द व्हायला हवी होती. किल्ल्या हाताने बदलण्याचे काम कंपनीने २०२१ मध्ये सेवा खंडित झाल्याच्या एका प्रसंगानंतर थांबविले होते.

चोरी मायक्रोसॉफ्टने पकडलीच नाही. ती पकडली अमेरिकी परराष्ट्र खात्याने. कारण त्या खात्याने जादा शुल्क भरून ईमेल-वाचनाच्या तपशीलवार नोंदी घेतल्या होत्या. ज्यांनी ते शुल्क भरले नव्हते, त्यांना स्वतःच्या घरातील चोरी दिसण्याची सोय नव्हती. टीकेनंतर कंपनीने या नोंदी अधिक ग्राहकांना मोफत देण्याचे जाहीर केले. कुलूप विकणाऱ्याने ते फुटल्याची खबर देण्याचे वेगळे पैसे घ्यावेत, असाच हा प्रकार होता.

अमेरिकी सरकारच्या 'सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्ड'ने २ एप्रिल २०२४ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही घटना टाळता येण्याजोगी होती, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. त्याहून बोचरी बाब दुसरीच होती. किल्ली कशी गेली असावी याचे एक कारण कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले होते. त्याला पुरावा नाही, हे नंतर कंपनीलाच कळून चुकले. पण जाहीर निवेदनात दुरुस्ती झाली ती मंडळाने वारंवार विचारल्यावर, मार्च २०२४ मध्ये. किल्ली नेमकी कशी गेली, हे त्या अहवालातही निश्चित होऊ शकले नाही. चूक होणे एक वेळ क्षम्य. चुकीचे स्पष्टीकरण तसेच राहू देणे हे विश्वासाच्या मुळावर घाव घालणारे आहे.

मे २०२४ च्या आरंभी सत्या नाडेला यांनी कर्मचाऱ्यांना सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य देण्यास सांगितले आणि वरिष्ठांच्या मानधनाचा काही भाग त्याच्याशी जोडण्यात आला. २००२ च्या पत्राशी त्याचे साम्य कोणाच्याही नजरेतून सुटले नाही. त्याच महिन्याच्या २० तारखेला कंपनीने संगणकाच्या पडद्याची सतत छायाचित्रे घेऊन ठेवणारी 'रिकॉल' सुविधा जाहीर केली. तिचा साठा सहज वाचता येतो, हे संशोधकांनी दाखविल्यावर जूनमध्ये ती पुढे ढकलावी लागली. ज्या मंडळाने किल्लीचा जाब विचारला, त्याचे सदस्य जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील नव्या सरकारने कार्यमुक्त केले.

कायदा काय म्हणतो?

सॉफ्टवेअरसोबत येणारा परवाना-करार बहुतेक जण न वाचताच मान्य करतात. सॉफ्टवेअर 'आहे त्या स्थितीत' दिले आहे आणि नुकसानीची जबाबदारी मर्यादित आहे, अशा आशयाची कलमे त्यात सर्रास असतात. मोटारीच्या ब्रेकबाबत असा करार कोणी मान्य केला नसता. मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणालाही पाहता येतो, हे खरे. पण डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या घटकातील भीषण दोष उघड झाला, तेव्हा त्यावर विसंबणाऱ्या बड्या कंपन्या असंख्य आणि त्याची देखभाल करणारे स्वयंसेवक मूठभर, असे चित्र दिसले.

या स्थितीत पहिला ठोस बदल युरोपीय संघाने केला. १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आलेल्या तेथील 'सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट'नुसार प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या छिद्राची पहिली सूचना उत्पादकाने २४ तासांत संबंधित यंत्रणेला द्यावयाची आहे. हे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासूनचे असून उर्वरित प्रमुख तरतुदींसाठी ११ डिसेंबर २०२७ ही तारीख ठरविण्यात आली. सदोष उत्पादनाच्या भरपाईविषयीच्या युरोपच्या नव्या निर्देशातही सॉफ्टवेअरला 'उत्पादन' मानण्यात आले आहे.

भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत देणे संस्थांना बंधनकारक झाले. मात्र हे बंधन ज्या संस्थेत घटना घडली तिच्यावर आहे. आपल्या उत्पादनातील छिद्राची कबुली निर्मात्याने अमुक तासांत द्यावी, असे त्यात म्हटलेले नाही. शिवाय परवानगीविना संगणकात प्रवेश करण्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ मनाई करते. सद्हेतूने दोष शोधणाऱ्याला त्यात वेगळी सूट नाही. बँकेच्या किंवा सरकारी संकेतस्थळातील भगदाड सहज दिसले, तरी ते कळविण्यापूर्वी येथील तरुण संशोधक वकिलाचा सल्ला घेतो, आणि पुष्कळदा गप्प बसतो.